शस्त्रक्रियेआधीचे चार आठवडे

१/ शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदाच्या हाताचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरची भूल, १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशक पद्धत. या कथेत रुग्ण केवळ टेबलावर निपचित पडलेला असतो. आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास मात्र ही कथा अपुरी असल्याचे दाखवतो. #थ्रेड

२/ १९०८ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये गुदाशयाच्या कर्करोगावरील नवी शस्त्रक्रिया मांडली. पोटाकडून आणि खालून, अशी दोन्ही बाजूंनी ती करायची होती. रोग समूळ काढणे हे ध्येय. किती कापावे, याची चर्चा पुढे दशकानुदशके चालली. रुग्णाच्या अंगी किती बळ उरले आहे, हा प्रश्न मागे पडला.

३/ तो प्रश्न १९३६ मध्ये क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली यांनी आकड्यांत मांडला. त्यांचे रुग्ण कर्करोगाचे नव्हे, अल्सरचे होते. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. इतरांमध्ये हे प्रमाण ३.५ टक्के होते.

४/ ‘प्रीहॅबिलिटेशन’, म्हणजे पूर्वसज्जता, हा शब्द १९४६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका लेखाच्या शीर्षकात आढळतो. संदर्भ रुग्णालयाचा नव्हता, सैन्याचा होता. शरीराने दुबळ्या रंगरुटांना आहार, व्यायाम आणि शिक्षण देऊन सेवेस योग्य करण्याचा तो प्रयोग होता.

५/ मनाच्या तयारीचा पुरावा १९६४ चा. बॉस्टनमध्ये लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचा अभ्यास केला. काहींना वेदना कुठे होईल, का होईल, कूस कशी बदलावी, स्नायू सैल कसे सोडावेत, हे समजावून सांगितले. त्यांना वेदनाशामके जवळपास निम्मी लागली, सरासरी २.७ दिवस आधी ते घरी गेले. औषध तेच होते. भर पडली ती संवादाची.

६/ १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ उपाशी आणि अंथरुणात ठेवण्याची रूढी मोडली. पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील गटाने २०१४ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम, आहार आणि चिंता कमी करण्याचा कार्यक्रम दोन्ही गटांना एकच. एकाचा शस्त्रक्रियेआधी सुमारे चार आठवडे सुरू झाला, दुसऱ्याचा नंतर. आठ आठवड्यांनी चालण्याची पूर्वीची क्षमता पहिल्या गटात ८४ टक्के, दुसऱ्यात ६२ टक्के रुग्णांना परत मिळाली होती.

७/ त्या अभ्यासात गुंतागुंतीचे प्रमाण मात्र घटले नव्हते. ते २०२३ च्या बहुराष्ट्रीय चाचणीत दिसले. २५१ रुग्णांपैकी देखरेखीखाली तयारी केलेल्यांत गंभीर गुंतागुंत १७.१ टक्के, इतरांत २९.७ टक्के.

८/ ‘हे तर सुश्रुतसंहितेत आधीच आहे,’ असे कोणी म्हणेल. पूर्वकर्म, प्रधानकर्म, पश्चात्कर्म ही विभागणी तेथे आहेच. कोणते शस्त्रकर्म उपाशीपोटी करावे, हेही सांगितले आहे. परंतु ते पूर्वकर्म आणि आजचा चार आठवड्यांचा कार्यक्रम एक नव्हेत. ग्रंथात असलेला विचार रुग्णाच्या खाटेपर्यंत का पोहोचत नाही, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

९/ एक कारण असे की चालणे, प्रथिनयुक्त आहार आणि धीराचे शब्द यांना नायक नसतो, नवे यंत्र नसते. दुसरे कारण पैशाचे. १९४६ च्या सैन्याने रंगरुटांच्या हाती सूचनांचा कागद ठेवला नव्हता. जेवण आणि प्रशिक्षण स्वतः पुरवले होते. गडचिरोलीहून मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या शेतमजुराला केवळ ‘प्रथिने वाढवा’ असे सांगणे ही पूर्वसज्जता नव्हे. पुढे काही बिघडल्यास दोष त्याच्याच माथी येतो, हा अन्यायही त्यात दडलेला आहे.

१०/ पूर्वसज्जतेसाठी शस्त्रक्रिया लांबवावी, असा याचा अर्थ नाही. तारीख मिळेपर्यंतचे आणि मिळाल्यानंतरचे दिवस रुग्णाला तसेही काढावेच लागतात. ते दिवस उपचाराचाच भाग मानून आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरला जावा. स्टडली यांच्या आकड्यांनंतर इतकी दशके लोटली. आता पुराव्याचे नव्हे, तरतुदीचे काम उरले आहे.