संगणक मुका झाला होता, मेला नव्हता

गेल्या श्रावणात माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा फोन आला. "पोरी, माझं यंत्र मुकं झालंय. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, नवा घ्या. टाकायच्या आधी तू एकदा येऊन बघशील का?"

सर अर्नाळ्याला राहतात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. या आजारात गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली टिकवायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. पण सरांचं वाचन थांबलेलं नाही. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर एनव्हीडीए नावाचं स्क्रीनरीडर आहे. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते हा प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि तो आजही फुकट मिळतो. त्यातला मराठी आवाज यंत्रमानवासारखा आहे, पण सर तो इतक्या वेगात लावतात की मला एक शब्द कळत नाही. त्यांना सगळं कळतं. रोजचं वर्तमानपत्र, मुलाची ईमेल, पेन्शनची कागदपत्रं, सगळं कानाने.

तुमच्या-माझ्या संगणकाचा आवाज गेला तर गाणी बंद पडतात. सरांच्या संगणकाचा आवाज गेला की पडदाच काळा होतो. आणि बिघाड काय आहे हे शोधायचं तर तेही पडद्यावरच वाचावं लागतं. तेरा दिवस ते त्या यंत्रासमोर नुसते बसून होते. बंगळूरचा मुलगा नवा लॅपटॉप पाठवायला तयार होता, पण नवा कीबोर्ड, नवी मांडणी, नवी विंडोज म्हणजे पंच्याहत्तरीत घर बदलण्यासारखंच.

नवा संगणक घेण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो न तपासता दिलेल्या "बोर्ड गेला" या निदानाला. छातीत दुखतंय म्हटल्यावर ईसीजी न काढता थेट बायपास सांगणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

आधी आवाज कसा येतो ते पाहू. संगणकात आवाज म्हणजे नुसते आकडे असतात. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला ४४,१०० आणि तेही डाव्या-उजव्या कानाला वेगळे. हे आकडे प्रोग्रॅममधून ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातात, तिथून ड्रायव्हर नावाच्या दुभाष्याकडे, मग मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपकडे. ती त्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करते. पुढे जॅक, वायर आणि स्पीकर. या साखळीत कुठेही कडी निसटली तरी परिणाम एकच, शांतता. म्हणून शांततेवरून निदान होत नाही. अर्धी साखळी यंत्राची आहे आणि अर्धी सॉफ्टवेअरची, हे ओळखणं ही पहिली पायरी.

(नव्वदच्या दशकात हे काम फार किचकट होतं. साउंड ब्लास्टर कार्ड बसवायचं तर आयआरक्यू ५, डीएमए १, पत्ता २२० असले आकडे पाठ असावे लागत. दोन कार्डांनी एकच आकडा मागितला की दोन्ही रुसून बसत. त्या मानाने आजचे दिवस सुखाचे.)

ही दोन टोकं वेगळी करायचा सोपा उपाय आहे आणि तो दुकानदाराने केला नव्हता. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन संगणक त्यावरून सुरू करायचा. हार्डडिस्कला हात लागत नाही, मूळ विंडोज जशीच्या तशी राहते. लिनक्समध्ये आवाज आला तर यंत्र ठीक आणि दोष विंडोजचा. तिथेही आला नाही तर पेटी उघडायची.

सरांच्या यंत्रावर लिनक्सही गप्प राहिलं, पण त्याने एक गोष्ट सांगितली. आवाजाच्या सेटिंगमध्ये तो "हेडफोन जोडलेला आहे" असं दाखवत होता. हेडफोन तर टेबलाच्या खणात होता! इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ पद्धतीत जॅकमध्ये पिन आहे की नाही हे संगणकाला कळतं. जॅकच्या आत पत्र्याची एक बारीक पट्टी असते, तिच्या हालचालीवरून. पिन आत आहे असं वाटलं की तो मागच्या स्पीकरचा आवाज बंद करतो. पेटी उघडून पुढच्या जॅककडे जाणारी वायर बोर्डावरून उपसली आणि मागचे स्पीकर खरखरत का होईना, बोलले. बोर्ड गेलेला नव्हताच.

जॅकमध्ये टॉर्च मारला तर आत हिरवट कीट. पितळेच्या भांड्याला चढतो तोच कळंक. अर्नाळ्यात हे व्हायचंच. हवेतून येणारे मिठाचे बारीक कण सगळीकडे बसतात आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ही मर्यादा रोज ओलांडली जाते. मग तांब्या-पितळेच्या संपर्कावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यातून हळूहळू गंज. बोंबील वाळत घालायच्या वलांडीचे खिळे बघा, तीच गोष्ट. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि दहा मिनिटं एवढ्यात जॅक साफ झाला. रॉकेल, खोबरेल, अत्तर असलं काही घालू नका. आणि संगणकाचा विजेचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज उरलेली असते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण विंडोज सुरू केल्यावर खरखर तशीच, आणि एनव्हीडीए दोन शब्द बोलून अडकत होता. दुकानात विंडोज नव्याने घालताना कुणीतरी "सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट" करून देणारा एक फुकटा प्रोग्रॅम टाकला होता. त्याने दुसऱ्याच चिपचा ड्रायव्हर बसवला होता. असले प्रोग्रॅम मी पाहिलेल्या जुन्या संगणकांवरचा सगळ्यात मोठा रोग आहेत. दहापैकी नऊ वेळा उपाय साधा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ध्वनीचा ड्रायव्हर काढायचा, फाइलसकट काढण्याची खूण करायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर आपोआप बसतो. त्यात झगमगाट नसतो, पण बोलण्यापुरता आवाज स्वच्छ येतो. तिथे पिवळा त्रिकोण दिसला तर घाबरण्याआधी त्यावर क्लिक करून क्रमांक वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

नव्याने घातलेल्या विंडोजमुळे एनव्हीडीए पुन्हा नीट उतरवून घ्यावा म्हटलं, तर ब्राउझर कुठलंच संकेतस्थळ उघडेना. "जोडणी सुरक्षित नाही." कोपऱ्यातली तारीख पाहिली, १ जानेवारी २०१०. संगणकाच्या बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की प्लग काढल्यावर घड्याळ मागे जातं. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरती वैध असतात, त्यामुळे २०१० मध्ये राहणाऱ्या संगणकाला आजची सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात. ही बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाली.

तर कळंक चढलेला जॅक, चुकीचा ड्रायव्हर आणि संपलेली बॅटरी, असे तीन किरकोळ दोष एकावर एक. वयस्क माणसांचंही असंच होतं. एकेकटं काहीच गंभीर नसतं, पण सगळं एकदम आलं की घरचे म्हणतात, आता वय झालं.

आवाज आल्यावर सरांनी पहिली उघडली ती त्यांची स्वतःची फाइल. शाळेच्या आठवणी, निवृत्तीनंतर टाइप केलेल्या. एनव्हीडीए वाचू लागला आणि नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं असं काहीबाही बोलू लागला. सर हसले. "हे जुनंच दुखणं आहे. डोळे होते तोवर चालत होतं." ती फाइल युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये होती. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, पण आपल्याकडे छापखान्यांत, शाळांत, कचेऱ्यांत त्यानंतरही कितीतरी वर्षं जुने फॉन्ट चालले. त्यांत फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांचं चित्र मराठी दिसतं. डोळ्याला मराठी, कानाला कचरा. महाराष्ट्रात अशा किती फाइली कपाटांतल्या हार्डडिस्कवर पडून असतील! त्या युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, कुणीतरी बसून तपासावंच लागतं.

आता माझी तक्रार. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. पण ही चर्चा सुटे भाग आणि स्क्रू यांच्याभोवती फिरते. जुना संगणक मरतो तो बहुतेक वेळा भागाअभावी नव्हे, ड्रायव्हरअभावी. कंपनी आपल्या संकेतस्थळावरून जुन्या मॉडेलचं पान काढून टाकते आणि मग माणूस भलत्याच जागेवरून फाइल उतरवतो, सोबत व्हायरस. शेवटचा ड्रायव्हर कायम उपलब्ध ठेवायला कंपनीला काय खर्च येतो? काही मेगाबाइट जागा. हे सक्तीचं करायला हवं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यंत्र कचऱ्यात गेल्यावर काय करायचं, हे त्यांत सविस्तर आहे. मला आस्था आहे ती ते तिथे जाऊच नये याची.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जुनी सिस्टीम असुरक्षित असते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. एनव्हीडीएच्या २०२४ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालतच नाहीत. सरांचं यंत्र विंडोज १० वर आहे आणि विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप त्यात नाही. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा-योजना घेतली आहे, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यानंतर लिनक्स आणि त्यातला ऑर्का हा स्क्रीनरीडर, किंवा नवं यंत्र. ऑर्काच्या कळा वेगळ्या आहेत, त्या शिकायला वेळ लागेल; सोपं आहे असं मी सरांना खोटं सांगितलं नाही. बँकेचं काम या यंत्रावर करायचं नाही, हे मात्र आत्ताच ठरवलं.

ज्यांच्या घरी कुणी स्क्रीनरीडर वापरतं त्यांनी एक गोष्ट आजच आणून ठेवावी. यूएसबीवर चालणारं साउंड कार्ड, अंगठ्याएवढं, काहीशे रुपयांचं. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. मुख्य आवाज गेला तर ते खोचायचं, त्यात हेडफोन लावायचा, आणि कंट्रोल, अल्ट, एन या तीन कळा दाबून एनव्हीडीए पुन्हा सुरू करायचा. तरीही गप्पच असेल तर विंडोज, कंट्रोल, एंटर दाबून विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होतो का ते पाहायचं. आणि किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यात संगणक दिवसातून अर्धा तास तरी चालू ठेवावा. आतल्या उबेने ओल धरत नाही. खिडकीपाशी मात्र ठेवू नये.

सरांनी आता ते कार्ड चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवलंय. त्यांच्या फाइलींपैकी एक मी युनिकोडमध्ये बदलून दिली आहे. सर ऐकतात, चुका सांगतात, मी दुरुस्त करते. पुढच्या रविवारी दुसरी.