ज्ञानाच्या पाणवठ्यावर पहारा कुणाचा?

१९५२ साली परळच्या केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला. रुग्णालय महापालिकेचं, रक्त मुंबईकरांचं. शोध छापला 'लॅन्सेट'ने. आज 'लॅन्सेट' एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीच्या मालकीचं आहे.

आता तुलना करा. संशोधक जनतेच्या पैशावर शोध लावतो, लेख फुकट देतो. तो तपासणारे तज्ज्ञही सहसा फुकटच राबतात. प्रकाशक त्याच ज्ञानाला कुलूप लावून किल्ली विकतो. घाम एकाचा, वतन दुसऱ्याचं! ही व्यवस्था आपल्याला नवी नाही.

'संपादनाला खर्च येतो' म्हणे. खर्च घ्या, मालकी कशाला? केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांना ६,००० कोटी मंजूर केले. दार उघडलं ते शासकीय संस्थांतल्यांनाच. पदवी घेऊन वस्तीत काम करणारा कार्यकर्ता बाहेरच.

१९२३चा बोले ठराव सांगत होता, सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे अस्पृश्यांनाही खुले. तो कागदावरच राहिला, म्हणून १९२७ला बाबासाहेबांना महाडला जावं लागलं. मित्रांनो, मागणी तीच: जनतेच्या पैशातलं संशोधन जनतेला खुलं करा. वर्गणी नको, हक्क हवा.

जय भीम!