सत्तावीस, वीस सात आणि आपण शहाणे

परवा ऑफिसच्या ग्रुपवर तो जुना जोक पुन्हा आला. 'तीस सहाचा आकडा', 'पन्नास दोन पत्ते' वगैरे. खाली नेहमीप्रमाणे हसून लोळणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. २०१९ च्या जूनमध्ये मी स्वतः हा जोक निदान चार ग्रुपांवर ढकलला होता, हे आधीच कबूल करून टाकतो. नोकरी नवीन होती, बेंचवर होतो, दुसरं काम नव्हतं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचायची एक नवी पद्धत आली. सत्तावीस म्हणजे 'वीस सात', बासष्ट म्हणजे 'साठ दोन'. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते, दोन्ही दिलेले होते. पण पुस्तक उघडून बघायला वेळ कुणाला? मराठी बुडाली, संस्कृती बुडाली, विधानसभेत आडनावातल्या 'वीस'वरून कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. आयुष्यभर गणित केलेल्या बाई शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना हे शब्द जड जातात, आणि एम-थ्री दोनदा देऊन सुटलेले आम्ही लोक त्यांना अक्कल शिकवत होतो.

नवी पद्धत बरोबरच होती असं मला म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते हे की तो प्रश्न अस्मितेचा नव्हताच. तो तपासून बघण्याचा प्रश्न होता. माणसाचं डोकं संख्या कशी पकडतं, भाषा त्याला मदत करते की पाय घालते, हे तपासणारं एक अख्खं शास्त्र आहे, कॉग्निटिव्ह सायन्स नावाचं. त्या गदारोळात त्याचं नाव कुणी घेतलं? मी तरी नाही घेतलं.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. जोक तिलाही पाठवला होता. तिने उत्तर दिलं नाही, रात्री फोन केला. "अरे, पंचवीस लिही म्हटलं की बावन्न लिहिणारी पोरं बघितलीस का कधी? पोरगं 'पंच' ऐकतं आणि पाच लिहून मोकळं होतं. मग वीस ऐकतं, दोन लिहितं. त्याने ऐकलं तसंच लिहिलंय. चूक कुणाची सांग."

मी म्हटलं, मावशे, आम्ही पण असेच शिकलो, काही अडलं का? ती म्हणाली, "तुला घरी आजोबा होते पाढे घोकून घ्यायला."

फोन ठेवला आणि विसरलो. आठवलं ते दोनेक वर्षांनी, एका क्लायंटच्या आयव्हीआरसाठी रक्कम मराठीत वाचून दाखवणारं फंक्शन लिहायचं आलं तेव्हा. इंग्रजीला शून्य ते नव्व्याण्णव बोलायला अठ्ठावीस शब्द पुरतात: वीस सुरुवातीचे, आठ दशकांचे, बाकी जोडकाम. दहा मिनिटांत झालं. मराठीसाठी म्हटलं एक नियम बसवू. बसेना! दोनचंच बघा. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. कुठे बा, कुठे ब, कुठे बे, कुठे ब्या. साठ म्हणावं तर बासष्टमध्ये त्याचं 'सष्ट' होतं, सत्तरचं 'हत्तर', नव्वदचं 'ण्णव'. एकोणतीसमध्ये तर चक्क वजाबाकी दडलीये, तिसाला एक कमी. बरं, एकोणनव्वदपर्यंत तीच चाल म्हणून पुढे एकोणशंभर धरावं, तर तिथे नव्व्याण्णव! शेवटी शंभर नोंदींचा अ‍ॅरे टाकला आणि घरी गेलो. ज्याने हे काम केलंय त्याला माहीत आहे, दुसरा इलाज नाही.

मी पगार घेऊन, आयडीई उघडून जे करायला कंटाळलो, ते आपण सात वर्षांच्या पोराला पाठ कर म्हणून सांगतो. आणि नाही झालं की म्हणतो, याचं गणित कच्चं.

तर आता शास्त्राकडे. या क्षेत्राचा वाढदिवस मानायचा झाला तर ११ सप्टेंबर १९५६, असं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर म्हणत असत. एमआयटीमधल्या एका परिसंवादात त्या दिवशी नेवेल आणि सायमन यांनी तर्काची प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम मांडला, चोम्स्कीने व्याकरणावर मांडणी केली, आणि खुद्द मिलर अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादांवर बोलले. कॉम्प्युटरवाले, भाषावाले आणि मनवाले एकाच खोलीत. पुढे १९७८ मध्ये स्लोन फाउंडेशनसाठी झालेल्या अहवालात एक षट्कोन काढला गेला. सहा कोपरे: तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, मानववंशशास्त्र, मेंदूविज्ञान. म्हणणं असं की यातल्या एकाच्या जोरावर मन कळणार नाही. (आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पोराला 'ह्युमॅनिटीज' म्हणजे दोन क्रेडिटची झोप. असो, तो वेगळा राग आहे.)

आता सत्तावीस या षट्कोनात ठेवून बघा. भाषाशास्त्र सांगतं की हा गोंधळ कुणी मुद्दाम केलेला नाही. संस्कृतातल्या द्वाविंशतिचा प्राकृतातून घासत घासत बावीस झाला, आणि प्रत्येक शब्द आपापल्या वाटेने घासला गेला. मानसशास्त्र सांगतं की या घासण्याची किंमत मोजता येते. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना छापली. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुलं साधारण सारखीच, फरक पडतो तो दहाच्या पुढे. चिनीत अकरा म्हणजे 'दहा एक', इंग्रजीत 'इलेव्हन', ज्यात दहा कुठे दिसतच नाही. जर्मन भाषा आपल्यासारखीच उलटी, 'सात आणि वीस' म्हणणारी. तिथे २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनातल्या जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीच्या निघाल्या. म्हणजे पंचवीसचे बावन्न! मावशीने हे कुठलंही जर्नल न उघडता सांगितलं होतं.

आणि नॉर्वे. तिथेही 'सात आणि वीस' म्हणायचे. टेलिफोनवर नंबर सांगताना घोळ होतात म्हणून संसदेत ठराव झाला आणि १९५१ पासून 'वीस सात' सुरू झालं. गंमत अशी की इतक्या वर्षांनंतरही बरेच नॉर्वेजियन बोलताना जुनी पद्धत वापरतात. नॉर्वेजियन भाषा बुडाली नाही, आणि सरकारी हुकमाने बोली पुरती बदललीही नाही. आपल्या दोन्ही बाजूंनी यातून शिकण्यासारखं होतं.

कारण उलटा पुरावाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वेल्श भाषेत शाळांमध्ये वापरली जाणारी संख्यानामं एकदम सरळ आहेत. तिथल्या अभ्यासात वेल्शमधून शिकणारी मुलं दोन अंकी संख्या वाचण्यात सरस निघाली, पण एकूण अंकगणितात तसा फायदा दिसला नाही. आणि उलटं बोलणाऱ्या जर्मनीत गणितज्ञांचा दुष्काळ पडल्याचं कुणी म्हणणार नाही. म्हणजे 'वीस सात' ही जादू नव्हे, फार तर पहिल्या पायरीवरचा दगड बाजूला होतो.

मानववंशशास्त्राचा कोपरा तर सगळ्यात दुर्लक्षित. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास छापून आला. ठेल्यावर त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर. तीच आकडेमोड कागदावर उदाहरण म्हणून दिली तर ३७ टक्के. मुलं पाचच होती, मान्य. पण २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि बालमनाचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ स्पेल्की यांच्या गटाचा अभ्यास आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या हजाराहून अधिक कामकरी मुलांचा. तेच चित्र. बाजारात पक्की मुलं शाळेच्या गणितात अडतात, आणि शाळेतली मुलं बाजाराच्या हिशेबात. अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र बाजारात जाऊन उभे राहिले तेव्हा हे कळलं. प्राइम टाइमला ओरडून नाही कळलं.

मावशीचाही नव्या पद्धतीबद्दलचा आक्षेप याच कोपऱ्यातला होता, हे मला फार उशिरा उमगलं. "बाजारात सत्तावीसच म्हणतात ना? पोरगं दुकानात जाऊन वीस सात रुपये म्हणालं तर वाणी हसेल, घरी आजी हसेल. मग ते पोरगं वर्गातसुद्धा तोंड उघडणार नाही." हा खरा आक्षेप. याच्यावर वाद घालता आला असता. काही शाळांत वर्षभर एक पद्धत, काहींत दुसरी, काहींत दोन्ही, आणि शेवटी मुलांनी काय लिहिलं ते मोजायचं. आपण रोज बटणाचा रंग निळा की हिरवा यासाठी ए-बी टेस्ट लावतो, लेको! पोरांच्या गणितासाठी मात्र जोक.

आणि यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे जोक ढकलणारे आपण होतो कोण? माझ्या टीममध्ये मुलं असलेले सहा जण आहेत. सहाही जणांची मुलं इंग्रजी माध्यमात. ती पोरं घरी 'ट्वेंटी सेव्हन' म्हणतात. म्हणजे वीस सातच की! आपल्या पोरांसाठी आपण सरळ पद्धत फी भरून विकत घेतली, आणि जिल्हा परिषदेच्या पोरांना ती फुकट मिळायला लागली तेव्हा आपल्याला मायमराठीचा पुळका आला. यातल्या एका बापाला मी मागे विचारलं, तुझ्या मुलीला एकोणसत्तर म्हणजे किती? तो म्हणाला, "अरे तिला नाही येत, सिक्स्टी नाईन म्हणावं लागतं." परवा तो जोक टाकणारा हाच.

मावशीला रविवारी फोन केला आणि जोक पाठवल्याबद्दल सात वर्षं उशिरा सॉरी म्हटलं. तिला आठवतही नव्हतं. वर्गात आता काय करतेस विचारलं, तर म्हणाली, "काड्यांचे गठ्ठे. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. आधी हातात देते, मग लिहायला लावते, नाव सगळ्यात शेवटी. पोरं आपली आपणच म्हणतात, दोन दशक पाच." मग म्हणाली, तुमच्या ऑफिसात जुन्या आइस्क्रीमच्या काड्या वगैरे मिळतील का बघ, दीडेकशे लागतील.