म्हातारा राजा आणि कच्चा वारस

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे नातवाच्या संगणकावर राजेराजवाडे दिसले की मी खुर्ची ओढून शेजारी बसतो. शनिवारी रात्री तो आणि त्याचे चार मित्र आपापल्या घरून ‘क्रुसेडर किंग्ज ३’ नावाचा खेळ एकत्र खेळतात. स्वीडनच्या कंपनीचा, २०२० साली आलेला. यात आपला राजा म्हातारा होतो, मरतो, मग आपण त्याचा वारस होऊन खेळायचं. आपल्या घराण्यातला वारसच उरला नाही, तर खेळ खलास!

परवा नातवाचा राजा चाळिशीतच आजारपणाने गेला. मित्राचा राजा सत्तरी ओलांडून ठणठणीत. “आजोबा, हा अन्याय आहे. त्याचा म्हातारा मरतच नाही!”

त्याची तक्रार खोटी नव्हती. राजाने कमावलेलं कसब त्याच्याबरोबर जातं. सुरुवातीच्या कायद्याने मुलखाच्या मुलांमध्ये वाटण्या होतात. राज्य जुनं झालं की सरदार मान देतात, नव्या राजाला मात्र जुमानत नाहीत. एकट्याने खेळताना हे नशीब म्हणून सोसता येतं. पाच जण खेळत असतील तर एकाच्या घरचं मरण ही दुसऱ्याची संधी होते.

मग मरणच नको का? ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात १९९१ पासून तसंच आहे. तिथे नेता हजारो वर्षं तोच, वय वाढत नाही. तो खेळ चांगलाच आहे, पण त्यात वारसाची चिंता कुणाला नसते. मला वाटतं, मरण हलकं करू नये, तयारीला फळ द्यावं. या खेळात ती सोय आहे. मूल सहा वर्षांचं झालं की त्याला शिक्षक नेमता येतो, सोळाव्या वर्षी ते जाणतं होतं. घराण्याने मिळवलेला वारसा पुढच्या पिढ्यांनाही पुरतो.

शिवाय दीर्घायुष्याचीही किंमत असते. औरंगजेब १७०७ साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. गादीवर आलेला मुलगा बहादूरशाह तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा! १७१२ मध्ये तोही गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाकडूनही तख्त गेलं. नातवाला म्हटलं, “मित्राच्या युवराजाचं वय बघ.” तो बावन्नचा निघाला. नातू हसला.

एक सूचना मी केली. पाचांनी आपसात ठरवावं, की राजा मेला तर खेळातली दोन वर्षं त्याच्यावर चढाई नाही. खेळातही सुतक पाळावं. यामुळे वारसाला मुलूख सावरायला वेळ मिळतो, आणि तयारी न करणारा दोन वर्षांनी मार खातोच.

हे सांगताना माझाच आवाज मला जरा खटकला. गावातल्या वाचनालयाचा मी एकोणीस वर्षं कार्यवाह आहे. दर वर्षी म्हणतो, “आता तरुणांनी पुढे यावं.” पण कपाटाच्या किल्ल्या माझ्या खिशात, देणगीदारांचे पत्ते माझ्या वहीत, आणि हिशेब कसा लिहायचा हे कुणाला शिकवलेलंच नाही. उद्या मी पडलो तर येणाऱ्याला सभासद जुमानतील कशाला?

असो. नियमित येणाऱ्या एका मुलीला रविवारी हिशेबाची वही घेऊन बसायला सांगितलंय. किल्ल्यांचा दुसरा जुडगाही करायला टाकलाय.