पंप बदलण्यापूर्वी

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘अजून चालते?’ आणि दुसरा, ‘काढून का नाही टाकत?’ बँकेत वर्षानुवर्षे वाहनकर्जाच्या फायलींवर सह्या केल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे हिशेबी उत्तर मला पाठ आहे. दरवर्षी घसारा धरायचा आणि किंमत पुरती उतरली की ती वस्तू वहीत एक रुपयाला मांडून ठेवायची. हिशेब म्हणून हे ठीकच आहे. पण दुरुस्तीचा निर्णयही आपण त्याच वहीकडे पाहून घेऊ लागलो आहोत, याची मला चिंता वाटते.

माझ्या दारात 1990 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची इटलीची फियाट 1100, आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी. 2000 सालच्या आसपास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. गेल्या उन्हाळ्यात माझी गाडी चढावर गचके खाऊ लागली. एका गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच निकाल मिळाला, ‘काका, फ्युएल पंप गेला. नवा मिळेल की नाही सांगता येत नाही. त्यापेक्षा गाडीच बदला ना!’

आता हा पंप म्हणजे काय, तर इंजिनच्या कुशीला दोन बोल्टवर बसलेली मुठीएवढी वस्तू. आत रबरी कापडाचा एक पडदा असतो, त्याला मेकॅनिक डायफ्राम म्हणतात. इंजिनचा कॅमशाफ्ट फिरताना एक दांडा हलवतो, पडदा खाली ओढला जातो आणि मागच्या टाकीतले पेट्रोल खेचले जाते. मग स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. पेट्रोल मागे फिरू नये म्हणून दोन लहान झडपा. वीज नाही, संगणक नाही. वर्षांमागून वर्षे गेली की रबर कडक होते, चिरते. बिघडतो तो बहुधा एवढाच भाग. जाणता मेकॅनिक पंपाच्या दोन्ही भागांवर बाहेरून एक रेघ ओढतो (म्हणजे जोडताना ते फिरून बसत नाहीत), स्क्रू काढतो आणि पडदा, झडपा, पॅकिंग नवे घालतो. माझ्या गाडीचे काम दुसरीकडे असेच, दुपारच्या चहापर्यंत झाले.

पूर्वी खंडाळ्याच्या घाटात पंपावर ओले फडके टाकून थांबलेल्या फियाट अनेकांनी पाहिल्या असतील. तिथे पंप बिघडलेला नसे. उन्हाने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला वाफ ओढता येत नसे. आजही पंप बदलून हा त्रास जात नाही.

जुने ते सगळे राखावे असे मी म्हणत नाही. दांडा झिजला असेल, पंपाच्या अंगालाच चीर गेली असेल, तर नवा पंप घालावा. फाटक्या पडद्यावर तर एक दिवसही गाडी चालवू नये. त्यातून पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते; ऑइलची पट्टी काढून हुंगली की वास येतो. तसे झाले असेल तर पंपाबरोबर ऑइलही बदलायला हवे. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्यासाठी बनवलेलेच नव्हते. किट घेताना ते इथेनॉल सहन करणारे आहे का, हे विचारलेच पाहिजे.

नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडून असतो. ते पेट्रोलच त्याला थंड ठेवते, म्हणून नेहमी काट्यावर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. तो आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा. आवाज येत असूनही गाडी ओढत नसेल तर फिल्टर तपासून गेजवर दाब मोजावा. एवढे न करता अख्खा संच बदलणे म्हणजे तपासणीचे कष्ट गिऱ्हाइकाच्या खिशातून वाचवणे.

पण गॅरेजवाल्यांवरच सगळे ढकलणे बरे नव्हे. सुट्या भागाचे काही हजार आपण मुकाट्याने मोजतो आणि तासाभराच्या मजुरीवर घासाघीस करतो. मग त्याने डोके कशाला चालवावे? केंद्र सरकारने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्यात मोटारीही आल्या. चांगलेच झाले. पण निदान करणाऱ्या माणसाला त्याचा मोबदला देण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या वेळी बिल हातात येईल तेव्हा तपासणीची मजुरी वेगळ्या ओळीत लिहून मागा, ती पूर्ण द्या. आणि काढलेला जुना पंपही मागून घ्या.