ट्रम्प आमचा नाही, न्यूसमही आमचा नाही



पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत तांड्यातांड्यातली शिकलेली पोरं भेटतात आणि हल्ली गप्पा हमखास अमेरिकेवर येतात. एक गट म्हणतो, ट्रम्प खमक्या माणूस आहे. दुसरा म्हणतो, डेमोक्रॅट परत आले की सगळं सुरळीत होईल. आम्हाला दोन्ही गटांशी भांडायचं आहे.

आधी ट्रम्पभक्त. शपथेच्या दुसऱ्याच दिवशी, 21 जानेवारी 2025 ला, ट्रम्पने जॉन्सन यांचा 1965 चा आदेश रद्द केला. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांनी वंश-वर्णावरून कोणाला डावलू नये, उलट डावललेल्यांना घेण्यासाठी प्रयत्न करावेत, असं त्या आदेशाचं बंधन होतं. जवळजवळ साठ वर्षं टिकलेली गोष्ट एका सहीत गेली! त्याआधी 29 जून 2023 ला हार्वर्डच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्रवेशातला वंशाचा विचार घटनाबाह्य ठरवला. तेव्हा आपल्याकडे टाळ्या पडल्या, 'बघा, अमेरिकेनेही आरक्षण संपवलं!' अहो, विद्यापीठांतल्या राखीव जागा तिथे 1978 च्या बक्के निकालानेच बेकायदा ठरल्या होत्या. जे नव्हतंच ते संपलं म्हणून इथे कोणाला उकळ्या फुटतात, ते ओळखा.

'आपलं आरक्षण तर संविधानात आहे' असं आमचे बंजारा मित्र म्हणतात. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या 341 आणि 342 या कलमांखाली आहेत, खरं. पण महाराष्ट्रातला गोरमाटी कुठे आहे? विमुक्त जाती (अ), 3 टक्के, आणि तेही राज्याच्या कायद्याने. दिल्लीत तो ओबीसी. तेलंगणात त्याचाच भाऊ अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग 1952 ला पुसला म्हणतात, पण विमुक्तांना संविधानात स्वतंत्र यादी आजही नाही. रेणके आयोगाचा अहवाल 2008 चा, इदाते आयोगाचा 2018 चा. दोन्ही धूळ खात आहेत. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधान पोहरादेवीला आले आणि नगाऱ्याच्या आकाराचं म्युझियम खुलं करून गेले. नगारा मिळाला, यादी नाही मिळाली.

आता डेमोक्रॅटवाले. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटलने जातीभेदावर बंदी घातली, ती क्षमा सावंत यांच्या ठरावामुळे, आणि त्या समाजवादी, डेमोक्रॅट नव्हेत. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. 7 ऑक्टोबर 2023 ला गव्हर्नर न्यूसमने व्हेटो वापरून ते पाडलं. कारण काय, तर सध्याचे कायदे पुरेसे आहेत! हे वाक्य इथल्या मंत्रालयात आपण किती वेळा ऐकलंय?

आणि हा वाद सातासमुद्रापारचा आहे असं समजू नका. ऑगस्ट 2025 मध्ये ट्रम्पने भारतीय मालावरचं आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरचं 11 टक्के शुल्क उठवलं. सवलत गिरण्यांना मिळाली. मानोरा तालुक्यातल्या कापूसवाल्याला कोणी विचारलं?