वाशीमच्या आत्याबाई सेनगावला!

भाचीच्या लग्नासाठी आम्ही महिनाभर आधीच कनेरगाव नाक्याला जाऊन थडकलो. हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. १९४८ पर्यंत हिंगोलीकडचा मुलूख निजामाच्या राज्यात आणि वाशीमकडचा वऱ्हाडात. पण आमच्या आक्काचे सोयरे मात्र दोन्हीकडे.

आमंत्रणांची यादी भाच्याने संगणकावर घातली होती. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव. ती अकारविल्हे लावण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. नावांचा रकाना निवडला. शेजारचा रकानाही बरोबर घ्यायचा का, असे यंत्राने विचारले. उगाच व्याप कशाला, म्हणून आम्ही 'नको' म्हटले. नावे कशी शिस्तीत उभी राहिली! त्याच हुरुपात पाकिटांवर पत्तेही लिहून टाकले.

संध्याकाळी आक्काने गठ्ठा चाळला. "काय रे, वाशीमच्या आत्याबाई सेनगावला कधी राहायला गेल्या?"

आत्याबाईंना पत्रिका न पोचणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी लग्न झाले आहे त्यांना सांगायला नको.

भाचा हसला. "मामा, तुम्ही नावं हलवली, माणसं तिथंच राहिली. एकेक नोंद म्हणजे एकेक कार्ड समजा. नाव, गाव सगळं त्यावरच. हलवायचं ते अख्खं कार्ड. नुसतं नाव बघून लावायचं की गाव बघून, एवढंच आपण सांगायचं."

मूळ यादी त्याच्याजवळ होती, म्हणून अब्रू वाचली. आक्काला याद्या गावावार हव्या होत्या आणि गावात पुन्हा नावे अकारविल्हे. आम्हाला वाटले, आधी गावे लावायची. त्याने उलटे केले. आधी नावे लावली, मग गावे. पायथन नावाच्या संगणकभाषेत म्हणे अशी हमी आहे की, दोन नोंदींचे गाव एकच असेल, तर त्यांचा आधीचा क्रम मोडत नाही. त्यामुळे वाशीमचे सारे एकत्र आले आणि त्यांच्यात नावांचा क्रमही टिकला. टिम पीटर्स या गृहस्थांनी २००२ साली या भाषेसाठी ही रीत रचली.

आम्ही निमूटपणे नवी पाकिटे आणली. आत्याबाईंचे पाकीट मात्र आक्काने स्वतः लिहिले आणि वाशीमला हातोहात पोचते करण्यासाठी आम्हालाच एस. टी. त बसवले!